थेंबाचा माग

फाल्गुन पौर्णिमेच्या रात्री काठी गावात झोप नसते. सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून माणसं चालत, जिपांतून, मोटारसायकलींवरून येत राहतात, ढोलांचा आवाज रात्रभर डोंगरात फिरतो आणि राजवाडी होळी पेटते ती पहाटे. एका वर्षी मीही त्या रात्री तिथे होतो. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून संध्याकाळी पोचलो, ओळखीच्या घराशेजारच्या उतारावर माझी जुनी डिझेल गाडी लावली, मागच्या चाकाला दगडाची ओट दिली आणि गर्दीत मिसळलो. सकाळी परत आलो तेव्हा इंजिनाखालच्या धुळीत तळहाताएवढा काळा डाग पडला होता.

डाग नवा नव्हता. दोन महिने तो माझ्या घरच्या फरशीवर उमटत होता. शहरातल्या एका गॅरेजात त्याचं निदानही झालं होतं: क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, दोन दिवस गाडी सोडा. मजुरीचा आकडा ऐकून ते काम मी होळीनंतरवर ढकललं होतं. त्या सकाळी शेजारी सवाऱ्यांची वाट पाहत उभ्या असलेल्या जिपेचा चालक खाली वाकला, डागाकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, खाली नका पाहू. वर पाहा."

त्यानं पुढे काय केलं ते सांगतोच. पण त्याचं म्हणणं पटायला इंजिनात ऑइल कसं फिरतं हे आधी कळलं पाहिजे.

ऑइलचं घर इंजिनाच्या तळाशी असतं. त्याला गॅरेजात चेंबर म्हणतात. मध्यम आकाराच्या डिझेल इंजिनात तिथे पाच-सहा लिटर ऑइल मावतं, लहान पेट्रोल गाडीत तीन-साडेतीन. पंप ते जाळीतून ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि दाबानं बेअरिंगांपर्यंत, तिथून अगदी वर, व्हॉल्व्ह हलवणाऱ्या टॅपेटपर्यंत चढवतो. वर पोचलेलं ऑइल मग आपल्या वजनानं झिरपत पुन्हा चेंबरमध्ये उतरतं. म्हणजे जाताना दाब असतो, येताना नसतो. गळतीच्या निदानातला निम्मा भाग या एका गोष्टीत आहे. दाबाच्या बाजूला, म्हणजे फिल्टर, प्रेशर स्विच, ऑइल कुलर, टर्बोची नळी इथे फट पडली तर इंजिन चालू असतानाच ऑइल वाहतं आणि भराभर वाहतं. गरम इंजिन जागेवर चालताना दाब साधारण एक किलो असतो, वेगात तीन-चार किलो. केसाएवढ्या फटीतून इतक्या दाबानं अर्ध्या तासात चेंबर निम्मा रिकामा होऊ शकतो. बिनदाबाच्या बाजूला, म्हणजे टॅपेट कव्हर, चेंबरचं पॅकिंग, क्रँकची, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याची, पुढची-मागची सीलं इथे ऑइल पाझरतं, घामासारखं. गाडी बंद केल्यावरही ते तासन्‌तास ओघळत राहतं.

तेव्हा स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न असा: डाग गाडी उभी असताना वाढतो, की चालू असताना? माझा डाग रात्रभरात सावकाश वाढला होता. म्हणजे पाझर होता, धार नव्हती.

ऑइल अडवणाऱ्या वस्तू दोनच जातीच्या आहेत. दोन स्थिर भागांमधली फट बुजवतं ते पॅकिंग. ते कागदाचं, बुचाचं, रबराचं किंवा पत्र्याच्या थरांचं असतं. फिरता दांडा जिथून बाहेर येतो तिथे बसतं ते ऑइल सील, आणि त्याचं काम फार अवघड आहे. दांडा मिनिटाला हजारो फेरे घेतो, सीलचा ओठ त्याला सतत टेकून राहायला हवा आणि तरी घासून संपता कामा नये. बैलगाडीच्या आखाला हा प्रश्न नव्हता. वंगण गळायचं, गाडीवान खाली लटकवलेल्या नळकांड्यातून पुन्हा लावायचा. सुरुवातीच्या मोटारींचंही जवळपास तसंच होतं. वाखाच्या दोऱ्या आणि नमदा कोंबून ऑइल थोपवायचे आणि थोडं गळणार हे धरूनच चालायचे. १९३० च्या सुमारास जर्मनीतल्या फ्रॉइडेनबर्ग या कातडी कमावण्याच्या कारखान्यानं चामड्याचा ओठ आणि त्याला आवळून धरणारी बारीक स्प्रिंग असं सील बनवलं. पुढे चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं. आजही बहुतेक कुठलंही ऑइल सील हातात घेऊन ओठामागे नखानं चाचपलंत, तर ती गोल स्प्रिंग बोटाला लागते.

रबर म्हातारं होतं ते उष्णतेनं. वर्षानुवर्षं शंभर अंशांच्या आसपास तापून ते कडक होतं, ओठाची लवचीकता जाते, पॅकिंगला चिरा पडतात. क्वचित वापरली जाणारी गाडीही गळते, कारण ऑइलचा स्पर्श नसलेला ओठ सुकतो. सातपुड्यातल्या रस्त्यांवर तिसरं कारण जोडलं जातं: खडी उडून चेंबरवर बसणारे मार आणि सततच्या हादऱ्यांनी सैल पडणारे बोल्ट.

आता निदान. गळतंय ते इंजिन ऑइलच आहे ना, ही खात्री आधी करा. रात्री गाडी सपाट जागी लावून इंजिनाखाली पांढरा पुठ्ठा किंवा जुनी वर्तमानपत्रं अंथरा आणि पुढच्या चाकांच्या जागांच्या त्यावर पेन्सिलीनं खुणा करून ठेवा. सकाळी थेंब कुठे पडले ते मोजता येतं. डिझेल गाडीचं ऑइल काळं, बोटांत निसरडं. गिअर ऑइल जास्त दाट आणि त्याला गंधकाचा उग्र वास. एकदा घेतला की विसरत नाही. ब्रेकचं ऑइल पाण्यासारखं पातळ, फिकट आणि रंगाला लागलं तर रंग उचलतं. ते दिसलं तर बाकीचं सगळं सोडून आधी ब्रेक पाहा, गाडी हलवू नका. कूलंट हिरवट किंवा गुलाबी, बोटाला किंचित चिकट आणि पाण्यात विरघळणारं. पॉवर स्टीअरिंगचं बहुधा लालसर. आणि उन्हाळ्यात एसी चालवून आल्यावर पडणारं स्वच्छ पाणी ही गळतीच नव्हे, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

किती गळतंय याचा हिशेब सोपा आहे. एका मिलिलिटरमध्ये ऑइलचे साधारण तीस थेंब धरा. दहा सेकंदांना एक थेंब पडत असेल तर तासाला ३६० थेंब, म्हणजे १२ मिलिलिटर. दहा तासांच्या रात्रीत १२० मिलिलिटर, एक छोटा कप. बहुतेक गाड्यांत ऑइल मोजायच्या पट्टीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत एक लिटरच्या आसपास अंतर असतं, म्हणजे आठ-नऊ रात्रींत तुम्ही वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर येता. मिनिटाला एखादा थेंब असेल तर घाबरायचं कारण नाही, पण लक्ष ठेवायचं कारण आहे.

पट्टी पाहायची ती सपाटीवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबल्यावर. काठी-मोलगीकडची बहुतेक घरं उतारावर आहेत आणि गाड्याही उतारावरच उभ्या असतात. तिथे पाहिलेली पट्टी खोटं बोलते. नाक खाली असेल तर एक सांगेल, वर असेल तर दुसरंच. उतारावर कमी दिसलं म्हणून वरून एक लिटर ओतणारे मी पाहिले आहेत. वरच्या खुणेच्या वर गेलेलं ऑइल क्रँकच्या माऱ्यानं फेसाळतं, फेस दाब धरत नाही आणि जास्तीचं ऑइल सीलांमधून बाहेर पडायला बघतं. गळती थांबवायला ओतलेलं ऑइलच मग गळती वाढवतं.

आणि डॅशबोर्डवरचा तो लाल तेलबुधल्याचा दिवा. बहुतेक गाड्यांत तो ऑइलची पातळी सांगत नाही, दाब सांगतो. दिवा लागला म्हणजे ऑइल कमी झालंय एवढंच नव्हे, तर बेअरिंगांपर्यंत पोचत नाहीये. तो चालता चालता पेटला तर गाडी कडेला घेऊन लगेच इंजिन बंद करायचं. पुढच्या गावापर्यंत जाऊ हा विचार इंजिनाचा जीव घेतो. देवगोईसारख्या घाटात एक खूण आधी मिळते. तीव्र वळणावर किंवा उतारावर दिवा क्षणभर लुकलुकला आणि सरळ रस्त्यावर विझला, तर समजा की चेंबरमधलं ऑइल एका बाजूला कलतंय आणि पंपाच्या तोंडी हवा येतेय. पातळी तेव्हाच बरीच खाली गेलेली असते.

आता त्या जीपचालकाकडे. त्यानं बॉनेट उघडलं, हात घातला आणि इंजिनाच्या मागच्या भिंतीवरून बोटं वर वर नेत राहिला. प्रत्येक ठिकाणी बोट बाहेर काढून पाहायचा. खाली काळं, मध्ये काळं, वर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत काळं. त्याच्या वर मात्र बोट कोरडं आलं. जंगलात पावलांचा माग काढणारा माणूस जसा उलटा मागे जातो तसा तो थेंबाच्या मागे उलटा गेला होता.

ऑइल खाली वाहतं आणि गाडी चालताना वाऱ्यानं मागे ढकललं जातं. गाडी उतारावर उभी असेल तर चेंबरच्या कडेनं सरकत जाऊन सगळ्यात खालच्या टोकाला थेंब धरतं. म्हणून डागाची जागा आणि गळतीची जागा यांत हात-दीड हाताचं अंतर सहज असतं. लांबट ठेवणीच्या इंजिनात टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून सुटलेलं ऑइल इंजिनाच्या पाठीवरून उतरतं आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून टपकतं, नेमकं जिथे मागचं सील गेल्यावर टपकलं असतं तिथेच. खालून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. निर्णय करायचा तो सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा पाहून, सगळ्यात खालची पाहून नव्हे. माझ्या मते घरी गाडी पाहणाऱ्यानं एकच नियम पाठ करायचा असेल तर हा करावा. गिअरबॉक्स उतरवण्याचे कितीतरी खर्च त्यानं वाचतील.

जुन्या मळानं सगळंच काळं झालेलं असेल तर बोटानं काही कळत नाही. मग इंजिन धुवायचं. थंड इंजिनावर डिझेल किंवा रॉकेल लावून ब्रशनं मळ मोकळा करा, चिंध्यांनी पुसा. पेट्रोल कधीही वापरू नका, त्याच्या वाफेला एक ठिणगी पुरते. पाणी मारणार असाल तर आल्टरनेटर, हवेच्या फिल्टरचं तोंड आणि विजेचे जोड प्लास्टिकच्या पिशवीनं बांधा. पूर्ण सुकलं की संशयाच्या जागांवर साधी अंगाला लावायची पावडर भुरभुरवा. त्या दिवशी आमच्याकडे पावडर नव्हती, तेव्हा घरच्या बाईंनी चुलीची राख चाळून दिली. राखेनंही काम होतं, फक्त ऑइल भरायचं झाकण उघडं नको आणि हवेच्या नळीजवळ राख नको. दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवून बंद केलं की पांढऱ्या थरावर ओला माग स्पष्ट उमटतो. तरीही सापडलं नाही तर ऑइलमध्ये मिसळायचा चमकणारा रंग मिळतो. तो टाकून गाडी दिवसभर चालवायची आणि अंधारात जांभळ्या किरणांच्या विजेरीनं पाहायचं. गळतीची वाट पिवळट-हिरवी उजळते. नोटा तपासायला दुकानदार वापरतात तसलीच ती विजेरी.

गाडीखाली शिरण्याआधी दोन शब्द कळकळीनं सांगतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, कधीच नाही. आधाराच्या घोड्या लावा, उरलेल्या चाकांना दोन्हीकडून ओट द्या आणि उतारावर हे काम मुळीच करू नका. इंजिन चालू असताना पंख्या-पट्ट्याजवळ उपरणं, ओढणी, सैल बाही नको. आणि गळणारं ऑइल सायलेन्सरच्या तापलेल्या नळीवर पडत असेल, धूर येत असेल, तर गाडी चालवू नका. त्यानं आग लागते.

घरी होण्यासारख्या दुरुस्त्यांत पहिला मान ड्रेन बोल्टचा. सर्व्हिसनंतर लगेच गळती सुरू झाली तर बहुधा दोषी तोच. त्याखालचा तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वायसर दर वेळी नवा हवा, कारण एकदा दबला की त्याचं काम झालं. दुर्गम भागात नवा वायसर मिळाला नाही तर जुना तांब्याचा वायसर चुलीच्या निखाऱ्यात लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. पोलादाचं पातं असं केल्यानं कडक होतं, तांबं मात्र मऊ होतं आणि पुन्हा एकदा नीट दबून बसतं. बोल्ट किती आवळायचा हे गाडीच्या पुस्तिकेत असतं. पुष्कळ गाड्यांत ते ३५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतं. म्हणजे वीतभर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण पंधरा किलोचा जोर. पान्याला पाइप जोडून, पाय देऊन आवळलेल्या बोल्टांनी अॅल्युमिनियमच्या चेंबरांचे आटे उपसलेले मी पुष्कळ पाहिलेत. मग पाच-दहा रुपयांच्या वायसरचं काम चेंबर बदलण्यापर्यंत जातं.

फिल्टरची चूक वेगळी आहे. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला की दोन रिंगा एकमेकींवर येतात, आणि इंजिन वेगात घेतल्यावर दाबानं त्या सरकून ऑइल बादलीनं ओतल्यासारखं बाहेर येतं. जुन्या फिल्टरवर रिंग आहे ना, एवढं पाहिलं की हे टळतं. नव्या रिंगला बोटानं ताजं ऑइल लावायचं, फिल्टर हातानं टेकेपर्यंत फिरवायचा आणि टेकल्यावर पाऊण फेरा आणखी. पाना लागत नाही.

प्रेशर स्विच हा अंगठ्याएवढा भाग इंजिनाच्या अंगाला बसवलेला असतो, त्याला एकच वायर असते. त्याच्या आतला पडदा फाटला की वायरीच्या टोकातून ऑइल येतं. वायर काढून पाहा. टोपी आतून ऑइलनं भरलेली असेल तर निदान संपलं. स्वस्त वस्तू, दहा मिनिटांचं काम, आणि मागच्या सीलच्या नावावर खपणाऱ्या गळत्यांत टॅपेट कव्हरनंतर याचाच नंबर लागतो.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलायला एखादी सकाळ पुरते. इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, आड येणाऱ्या नळ्यांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा म्हणजे जोडताना गोंधळ होत नाही. कव्हर निघालं की आत एक कण पडू देऊ नका. दोन्ही पृष्ठभागांवरचं जुनं पॅकिंग लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा. लोखंडी पातं अॅल्युमिनियमवर चरे पाडतं आणि पुढची गळती त्याच चऱ्यातून येते. कव्हर पत्र्याचं असेल तर सपाट फरशीवर ठेवून पाहा. आधी कुणीतरी बोल्ट जास्त आवळल्यामुळे भोकांभोवतीचा पत्रा खाली दबलेला असतो. लाकडाच्या ठोकळ्यावर हलक्या हातोडीनं तो सपाट करा, नाहीतर नवं पॅकिंगही टिकणार नाही. बोल्ट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत, मनगटाच्या जोरानं आवळा. इथे आठ-दहा न्यूटन-मीटरच पुरतात.

सिलिकॉनच्या लेपाबद्दल मला स्पष्ट बोलायचंय, कारण त्याचा अतिरेक सगळीकडे आहे. रबरी पॅकिंगला तो सगळीकडून थापायची गरज नसते. पुस्तिकेत सांगितलेल्या कोपऱ्यांवर, जिथे दोन भागांचा जोड येतो तिथे, गव्हाच्या दाण्याएवढा पुरे. जितका लेप बाहेर दबून येतो तितकाच आतही दबतो. आतला तुकडा सुटून चेंबरमध्ये पडतो, पंपाच्या जाळीला चिकटतो, आणि एक दिवस बाहेर एक थेंबही न गळता इंजिनाचा दाब जातो. बाहेर थोडं गळणारं इंजिन वर्षानुवर्षं चालतं; आतून तुंबलेलं चालत नाही.

माझ्या गाडीचं पॅकिंग बदलायचंच होतं, पण जीपचालक तिथे थांबला नाही. त्यानं विचारलं, "पॅकिंग ढकललं कुणी?" आणि टॅपेट कव्हरवरून निघणारी जाड रबरी नळी हातात धरली.

ती ब्रीदरची नळी. सिलिंडरमधल्या स्फोटाचा थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतो. नव्या इंजिनातही उतरतो, जुन्यात जास्त. तो बाहेर पडायला वाट म्हणून ही नळी. पुष्कळ गाड्यांत ती हवेच्या फिल्टरकडे परत जाते, जुन्या गाड्यांत सरळ खाली उघड्यावर सोडलेली असते. वाट तुंबली की इंजिनाच्या पोटात वायू साठतो आणि सगळ्यात दुबळ्या पॅकिंगमधून, सीलमधून ऑइलला घेऊन बाहेर पडतो. अशा गाडीला तुम्ही सील बदलाल, दोन महिन्यांनी ते पुन्हा गळेल, मग दुसरं गळेल. उघड्यावर सोडलेल्या नळीत धूळ आणि ऑइलच्या वाफेचा लगदा साठतो. गाडी काही आठवडे उभी राहिली तर कुंभारमाशी त्यात मातीचं घर करते. माझ्या नळीच्या तोंडाशी दोन बोटं लांबीचं, वाळून विटेसारखं झालेलं तेच घर निघालं. हिवाळ्यात गाडी महिनाभर उभी होती आणि डाग त्यानंतरच सुरू झाला होता. हे दोन धागे मी कधी जोडलेच नव्हते.

परीक्षा सोपी आहे. गरम इंजिन जागेवर चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण जपून सैल करा आणि भोकावर नुसतं ठेवा. डिझेल इंजिनात ते थोडं थरथरतं, ते चालतं. उड्या मारत असेल, भोकातून जोरानं वायूचा झोत येत असेल, तर आधी ब्रीदर साफ करा: नळी काढून डिझेलनं धुवा, फुंकर मारून आरपार हवा जाते का पाहा, आतून चिकटत किंवा पिळवटत असेल तर बदला. साफ करूनही झाकण उडत असेल तर रिंगा झिजल्यात आणि प्रश्न पॅकिंगचा राहिलेला नाही.

त्या सकाळी आम्ही नळी मोकळी केली, टॅपेट कव्हरचे बोल्ट सैल झाले होते ते हलकेच सारखे केले आणि राख पुन्हा भुरभुरवली. मोलगीच्या बाजारापर्यंत जाऊन आल्यावर राखेवर बोटभर माग होता, आधी तो हातभर होता. घरी येऊन पॅकिंग बदललं. गिअरबॉक्स उतरवावा लागला नाही.

काही कामं मात्र घरी करू नयेत. मागचं सील खरोखर गेलं असेल, म्हणजे वरचं सगळं कोरडं आहे, गिअरबॉक्सच्या जोडाच्या तळातून काळं ऑइल येतंय, चढावर क्लच घसरतोय, तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि ते दोन माणसांचं, योग्य जॅकचं काम आहे. त्या वेळी क्लच प्लेट आणि बेअरिंगही पाहून घ्या, म्हणजे तेवढ्यासाठी मजुरी पुन्हा द्यावी लागणार नाही. पुढच्या क्रँक सीलसाठी पुली ओढून काढावी लागते आणि ज्या इंजिनात टायमिंगचा पट्टा असतो तिथे एक दात चुकला तरी व्हॉल्व्ह वाकू शकतात. हेड पॅकिंग गेलं, ऑइलचा रंग दुधाळ झाला, तर ऑइलमध्ये पाणी शिरलंय; तेव्हा इंजिन चालूच करू नका.

आणि वाटेतच चेंबरला दगड लागून चीर पडली तर? इथे साबण उपयोगी पडतो, आणि तो जुना उपाय खरा आहे. ऑइलमध्ये साबण विरघळत नाही. चिरेभोवतीचा पत्रा पुसून कोरडा करा, अंगाच्या साबणाची वडी ओलसर करून मळून चिरेत दाबा, वर चिंधी बांधा. दोन भाग मळून लावायची पुटी जवळ असेल तर ती जास्त टिकते, पण पत्र्यावर तेलाचा पापुद्रा राहिला तर ती धरत नाही. आधी ऑइल काढून टाका, पत्रा खरवडून घासा, पुटी कडक होऊ द्या, मगच ऑइल भरा. एवढ्यावर हळूहळू घाट उतरता येतो, दर काही किलोमीटरला पट्टी पाहत. बाटलीतून ओतायची गळतीरोधक औषधं रबर थोडं फुगवतात, त्यामुळे कडक झालेल्या सीलचा पाझर काही काळ कमी होऊ शकतो. फाटलेल्या पॅकिंगला, चिरलेल्या चेंबरला आणि तुंबलेल्या ब्रीदरला त्यांचा काही उपयोग नाही. मी ती वापरत नाही.

शेवटी काढलेल्या ऑइलचं. जळकं ऑइल वाळवी लागू नये म्हणून खांबांना, कुंपणाच्या बांबूंना फासायची पद्धत गावोगावी आहे, आणि पुष्कळदा उरलेलं बांधावर ओततात. वापरलेल्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूंचे कण आणि जळणातून आलेली घातक द्रव्यं असतात. ते वारंवार कातडीला लागणंही वाईट, म्हणून हातमोजे घाला आणि काम संपलं की साबणानं कोपरापर्यंत हात धुवा. सातपुड्याच्या या भागातलं पाणी उत्तरेला नर्मदेकडे आणि दक्षिणेला तापीकडे जातं, आणि पाड्यांवरची माणसं आजही झऱ्याचं, हातपंपाचं पाणी पितात. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं. ते गोळा करून पुन्हा शुद्ध करण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर १ एप्रिल २०२४ पासून टाकण्यात आली आहे. तुमच्या वाट्याला एवढंच येतं: काढलेलं ऑइल नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यात भरा, झाकण घट्ट लावा, त्यात पाणी किंवा डिझेल मिसळू नका, आणि पुढच्या वेळी घाट उतराल तेव्हा तो डबा बरोबर घेऊन जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात द्या.